चिखला ते परदेश : पासपोर्टची वाट नेमकी कुठे अडते?

केंद्र सरकारने 24 फेब्रुवारी 2025 च्या अधिसूचनेने पासपोर्ट नियम 1980 मध्ये दुरुस्ती केली. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो : "आता जन्मदाखल्याशिवाय पासपोर्ट मिळणार नाही." हा संदेश वाचून महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आमच्याकडे विचारणा करतात. काही जण विचारणाही करत नाहीत. घरात जन्मदाखला नाही, म्हणजे पासपोर्ट आपल्यासाठी नाही, असे परस्पर ठरवून मोकळे होतात.

वस्तुस्थिती अशी आहे. ज्यांचा जन्म 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर झाला, त्यांच्यासाठीच जन्मदाखला हा जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरवला आहे. ही तारीख निवडण्याचे कारण सरळ आहे : जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील 2023 ची दुरुस्ती त्याच दिवशी अमलात आली. म्हणजे हा नियम आज अंगणवाडीच्या वयात असलेल्या लेकरांना लागू आहे. आज अकरावी-बारावीत किंवा पदवीला असलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र हे पुरावे पूर्वीसारखेच चालतात. उलट, 26 जानेवारी 1989 नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला सक्तीचा होता, ती अट डिसेंबर 2016 मध्येच काढली गेली. नियम सैल झाल्याची बातमी आपल्यापर्यंत आठ-नऊ वर्षांत पोचली नाही, आणि नियम कडक झाल्याची अफवा आठवड्यात पोचली. हे आपल्या वस्त्यांमध्ये नेहमीच घडते.

हा लेख चिखला, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग आणि तुमसर या पट्ट्यातल्या तरुणांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. चिखल्याला मॉईलची मँगनीजची खाण आहे. खाणीत आणि खाणीभोवती आपला समाज पिढ्यान् पिढ्या राबला. मुले शिकायला तुमसरला येतात, पुढे भंडारा किंवा नागपूर गाठतात. तुमसरसारखे लहान महाविद्यालयीन गाव असेल तर पासपोर्ट ही गोष्ट अजूनही 'ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांची' समजली जाते. प्राध्यापक क्वचित विषय काढतात. ऑनलाईन सेंटरवाला पैसे सांगतो, नियम सांगत नाही.

पण दुसरीकडे पाहा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2003 पासून आहे. दरवर्षी 75 जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून जुनी, 1954-55 पासूनची. तिच्या 125 जागांतील बहुसंख्य अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि अनुसूचित जाती आदेशातील 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही त्यावर हक्क आहे. परदेशी विद्यापीठ प्रवेशपत्र देते, पण व्हिसासाठीचा पुढचा कागद पासपोर्ट क्रमांकाशिवाय काढत नाही. ब्रिटनचे विद्यापीठ प्रवेश-स्वीकृतीचा क्रमांक देताना पासपोर्टचा तपशील मागते, अमेरिकेचे विद्यापीठ पासपोर्टची प्रत मागते. प्रवेश मिळेपर्यंत सहा महिने धावपळ करायची आणि मग पासपोर्टसाठी महिनाभर अडकायचे, ही वेळ येऊ नये. अर्ज बिनचूक असेल तर पासपोर्ट फार वेळ घेत नाही. वेळ जातो तो अर्जाबाहेरच्या गोष्टींत, आणि त्या गोष्टी बहुतेक आपल्या घरातल्या कागदांच्या पेटीत किंवा एखाद्या जुन्या गुन्ह्याच्या नोंदीत दडलेल्या असतात.

थोडे इतिहासाबद्दल. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा आजच्या अर्थाने पासपोर्टची सक्ती रुळलेली नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आणि नंतर आली. भारतात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा 1920 चा. त्यांच्या वाटेत पैसा आणि जात हे दोन अडसर होते. पैशाचा अडसर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने दूर केला. 1954 मध्ये ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि जिथे त्यांचा पराभव झाला, त्याच मतदारसंघाच्या एका कोपऱ्यातील ही मुले आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 1950 मध्ये ते श्रीलंकेला गेले होते, 1956 च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला. परदेशी जाणे म्हणजे फक्त नोकरीला जाणे नव्हे, हे आपल्याला त्यांच्या प्रवासांवरूनच ठाऊक आहे.

पासपोर्ट मिळणे हा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी, यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1967 मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात निकाल दिला. परदेशी जाण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी म्हटले. तोवर सरकार मन मानेल तसा पासपोर्ट देत किंवा नाकारत होते, कारण त्यासाठी कायदाच नव्हता. निकालानंतर घाईने कायदा करावा लागला, तोच आजचा पासपोर्ट अधिनियम 1967. पुढे 1977 मध्ये मेनका गांधींचा पासपोर्ट कारण न देता जप्त झाला आणि 25 जानेवारी 1978 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की कायद्याने ठरवलेली पद्धतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. अनुच्छेद 21 चा आज जो विस्तीर्ण अर्थ आपण आंदोलनात, याचिकांत वापरतो, त्याचे मूळ एका पासपोर्टात आहे. हे तुमसरच्या मुलाला माहीत असले की काउंटरवर उभे राहताना त्याचा आवाज बदलतो. पासपोर्ट नाकारला तर अधिकाऱ्याला कारण नोंदवावे लागते, मागितल्यावर त्याची प्रत द्यावी लागते (अपवाद फक्त देशाची सुरक्षा वगैरे ठरावीक कारणांचा), आणि कलम 11 खाली अपीलही करता येते.

नाव, आडनाव आणि दोन राज्यांचे कागद

पासपोर्टच्या अर्जात जातीचा रकाना नाही, धर्माचाही नाही. ही चांगली गोष्ट आहे. (तिचा एक परिणाम असा की आपल्या समाजातील किती जणांकडे पासपोर्ट आहे, हे कोणीच मोजू शकत नाही.) पण अर्जात 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन रकाने आहेत आणि आपले बहुतेक अर्ज तिथेच लंगडतात.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर नाव आधी, आडनाव शेवटी. पॅन कार्डावर कधी वडिलांचे नाव मध्ये असते, कधी नसते. इंग्रजी स्पेलिंगची तर वेगळीच तऱ्हा. वासनिक कुठे 'डब्ल्यू'ने सुरू होते तर कुठे 'व्ही'ने. गजभियेच्या शेवटी एका कागदावर 'वाय' आहे, दुसऱ्यावर नाही. खोब्रागडेमधला एक 'ए' शाळेत गळाला तो पदवीपर्यंत गळलेलाच. शाळेत नाव नोंदवताना गुरुजींनी जे ऐकले ते लिहिले, आई-वडिलांनी वाचून पाहिले नाही, कारण अनेकांना वाचता येत नव्हते. वीस वर्षांनंतर त्याच एका अक्षरामुळे फाईल मागे येते.

चिखल्याच्या पट्ट्यात यात आणखी एक भर आहे. बावनथडी नदीपलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. सोयरिकी दोन्हीकडे होतात, खाणीतली माणसेही दोन्हीकडची. महाराष्ट्राच्या कागदांवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये येतेच, मध्य प्रदेशच्या कागदांवर बहुधा येत नाही. आईचे माहेरचे कागद हिंदीत, सासरचे मराठीत, आणि मतदार कार्डावर तिसरेच काहीतरी. मुलाच्या अर्जात आईचे नाव लिहायचे तर कोणते? आमचे सांगणे असे, की आईच्या आजच्या आधार आणि मतदार ओळखपत्रावर जे नाव आहे ते आधी एक करून घ्या आणि मग तेच अर्जात लिहा. अर्जदाराचे स्वतःचे नाव मात्र दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ठेवावे, कारण परदेशी विद्यापीठ पुढे गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहते. आधार बदलणे सोपे आहे, बोर्डाचे प्रमाणपत्र बदलणे अवघड. म्हणून सोपे ते अवघडाकडे वळवावे.

धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी मुलांची नावे बदलली, काहींनी आडनावेही बदलली. त्यात काही चूक नाही, आपल्या इतिहासाचा तो अभिमानाचा भाग आहे. पण बदल राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेतला नसेल तर पासपोर्टच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो. वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा तहसीलच्या आवारात करून घेतलेले प्रतिज्ञापत्र यावर विसंबू नका. राजपत्राची प्रत मिळाली की आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी पासपोर्ट या क्रमाने जा.

एक गोष्ट येत्या पिढीसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव अनिवार्य केले : आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. निर्णय स्वागतार्ह आहे. पण आज ज्या घरात बाळ जन्मले त्यांनी ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात जन्मनोंद करतानाच चारही शब्दांचे इंग्रजी स्पेलिंग स्वतः लिहून द्यावे. या लेकरांना पासपोर्टसाठी जन्मदाखला हाच एक पुरावा असणार आहे. उशिरा केलेल्या जन्मनोंदींवर राज्यात 2025 च्या सुरुवातीपासून चौकशा लागल्या, निकष कडक झाले. तेव्हा नोंद वेळेत, आणि नीट.

'दहावी पास' हा पासपोर्टवरचा अदृश्य शिक्का

ज्या मुद्द्याची आपल्यात जवळजवळ चर्चाच होत नाही, तो म्हणजे ईसीआर. एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली जे भारतीय दहावी उत्तीर्ण नाहीत आणि इतर सवलतीच्या वर्गांतही बसत नाहीत, त्यांच्या पासपोर्टवर ही नोंद येते. अशा व्यक्तीला ठरावीक देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर सरकारकडून परदेशगमनाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. त्या यादीत सौदी अरेबिया, कतार, कुवेत, संयुक्त अरब अमिरात हे आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंडही आहेत. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर काहीच छापलेले नसते. म्हणजे शिकलेल्याचे पान कोरे आणि न शिकलेल्याच्या पानावर शिक्का.

कायद्याचा हेतू कामगारांची फसवणूक रोखणे हा आहे, आणि आखातात भारतीय मजुरांचे जे हाल झाले ते पाहता तो हेतू आम्ही उडवून लावत नाही. पण जानेवारी 2018 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने एक पाऊल पुढे टाकले होते : ईसीआर असलेल्यांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचा आणि बाकीच्यांना निळा. विमानतळावर रांगेत उभे असतानाच, हातातल्या पुस्तिकेच्या रंगावरून, कोण शिकलेला आणि कोण नाही हे सर्वांना दिसावे, अशी ती व्यवस्था झाली असती. देशभरातून टीका झाली, केरळ उच्च न्यायालयात प्रकरण गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रालयाने प्रस्ताव मागे घेतला. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ज्या समाजाच्या आठवणीत आहे, त्याला या प्रस्तावातले काय टोचले हे वेगळे सांगायला नको. तो प्रस्ताव आला तेव्हा आपल्या संघटना जानेवारी 2018 च्याच दुसऱ्या घडामोडींत गुंतल्या होत्या. त्याबद्दल पुढे.

चिखल्यासारख्या ठिकाणी ईसीआरचा संबंध थेट खाणीशी येतो. सवलतीच्या वर्गांत दहावी पास तर आहेतच, शिवाय 50 वर्षांवरील व्यक्ती, 18 वर्षांखालील मुले, दोन वर्षांचा मान्यताप्राप्त तांत्रिक अभ्यासक्रम केलेले आणि प्राप्तिकर भरणारे हेही आहेत. आता बघा : सातवी शिकलेला कायम कामगार ज्याच्या पगारातून कर कापला जातो, तो विवरणपत्र दाखवून ईसीआरमधून सुटतो. त्याच्याच शेजारी, त्याच खाणीत, तितकाच शिकलेला कंत्राटी कामगार सुटत नाही. कायम आणि कंत्राटी यांतली दरी पासपोर्टच्या पानावरही उमटते. म्हणून कायम कामगारांनी दरवर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र जपून ठेवावे. आणि जे दहावीला एका विषयात अडकून थांबले त्यांनी तो विषय काढावा, मग पासपोर्ट पुन्हा काढून ती नोंद घालवता येते.

धम्मयात्रेला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठ उपासक-उपासिकांना यात घाबरण्यासारखे काही नाही. पन्नाशी ओलांडली की ईसीआर लागत नाही, आणि असली तरी यात्रेला किंवा पर्यटनाला ती मंजुरी लागत नाही. लुंबिनीला जायला तर भारतीयांना पासपोर्टच लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. मात्र 15 ते 65 या वयोगटाने निव्वळ आधार कार्डावर नेपाळच्या विमानात बसायला जाऊ नये, ते ग्राह्य धरले जात नाही. श्रीलंका, थायलंड, म्यानमारसाठी अर्थातच पासपोर्ट हवा.

आंदोलनातले गुन्हे

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यामुळे कार्यकर्त्यांचे अर्ज सर्वांत जास्त काळ पडून राहतात. अर्जात विचारलेले असते : तुमच्याविरुद्ध भारतातील कोणत्याही न्यायालयात फौजदारी कार्यवाही प्रलंबित आहे काय?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कागदी नाही. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी जे घडले, त्यानंतर विदर्भभर तरुण रस्त्यावर उतरले आणि त्यांतल्या अनेकांवर गुन्हे दाखल झाले. 1 जानेवारी 2018 च्या भीमा कोरेगावनंतर 3 जानेवारीच्या महाराष्ट्र बंदमध्येही तेच झाले. जमावबंदी मोडणे, बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, आणि सर्वांत चिवट म्हणजे सरकारी कामात अडथळ्याचे कलम 353. बंदच्या दिवशी एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा आज पंचविशी ओलांडून गेला आहे. त्याचे एम.ए. झाले, नेट झाली, बाहेरच्या विद्यापीठात पीएच.डी. करायची इच्छा आहे. आणि तो अर्जातल्या त्या रकान्यापाशी थांबला आहे. 'नाही' लिहावे की 'होय'?

पहिली गोष्ट : खरे असेल ते लिहा. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम 12 खाली माहिती दडवणे किंवा खोटी देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आंदोलनाचा गुन्हा अंगावर असणे यात लाज नाही. तो लपवताना नवा गुन्हा ओढवून घेणे मात्र परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो : खरे काय आहे ते आधी शोधा. पोलीस ठाण्यात एफआयआर असणे आणि न्यायालयात खटला प्रलंबित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम 6(2)(एफ) म्हणते की फौजदारी न्यायालयापुढे कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारावा. परराष्ट्र मंत्रालयाने 10 ऑक्टोबर 2019 च्या कार्यालयीन ज्ञापनात स्पष्ट केले आहे की नुसता एफआयआर किंवा तपासावर असलेले प्रकरण या कलमाखाली येत नाही. न्यायालयात प्रकरण नोंदले जाऊन न्यायालयाने त्याची दखल घेतली असेल तरच ते प्रलंबित मानायचे. म्हणजे तुमच्यावर 2018 चा एफआयआर आहे पण दोषारोपपत्र कधी न्यायालयात गेलेच नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तुमची वाट मोकळी आहे. हे ज्ञापन छापून जवळ ठेवा. पडताळणीला आलेल्या हवालदाराला ते ठाऊक असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, गुन्हे मागे घेतल्याच्या घोषणांची. फेब्रुवारी 2020 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी भीमा कोरेगाव प्रकरणानंतरच्या 649 पैकी 348 गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले होते. बातमी आली, आपण पेढे वाटले. पण सरकारने मागे घेतो म्हटल्याने खटला संपत नाही. सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली. संमतीचा आदेश झाला नसेल तर संगणकात तुमचा खटला अजून जिवंत आहे आणि पोलीस पडताळणीत तोच दिसणार. शिवाय 649 मधील उरलेले 301 कोणते, त्यात आपल्या तालुक्यातले किती, हे आपल्या एकाही संघटनेने गावनिहाय लिहून ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ही आपल्या चळवळीची मोठी त्रुटी आहे. मोर्चाची छायाचित्रे आपल्याकडे आहेत, मोर्चातल्या आरोपींची यादी नाही.

आणि खटला खरोखरच चालू असेल तर? तरीही दार बंद नाही. 25 ऑगस्ट 1993 ची केंद्र सरकारची अधिसूचना, जीएसआर 570(ई), याच परिस्थितीसाठी आहे. ज्या न्यायालयात खटला प्रलंबित आहे त्या न्यायालयाने परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. खटला तुमसरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर असेल तर अर्ज तिथेच करायचा, त्यासाठी मुंबई-नागपूरच्या उच्च न्यायालयात धावण्याची गरज नाही. इथे एक बारकावा आहे, जो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. न्यायालयाच्या आदेशात पासपोर्टची मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात ना मुदत, ना प्रवासाचा कालावधी असेल तर फक्त एक वर्षाचा. आणि एक वर्षाच्या पासपोर्टवर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा कसा मिळणार? म्हणून अर्जातच दहा वर्षांच्या मुदतीची मागणी करावी, निदान अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी आणि वर सहा महिने तरी नमूद करून घ्यावेत. प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र सोबत जोडावे. तारखांना हजर राहिल्याची नोंद असेल तर तीही. जो आरोपी प्रत्येक तारखेला गेला त्याचा अर्ज न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. ज्याच्यावर अजामीनपात्र वॉरंट निघालेले आहे त्याने आधी ते रद्द करून घ्यावे, कारण वॉरंट किंवा समन्स हे नकाराचे आणखी एक वेगळे कारण आहे.

पोलीस पडताळणीबद्दल थोडक्यात. पोलिसांना अर्जदाराचे नागरिकत्व आणि गुन्हेगारी पूर्वेतिहास एवढेच तपासायचे असते. तुम्ही कोणत्या संघटनेत आहात, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत कुठे होता, घरात कोणाचे फोटो आहेत, हे त्यांच्या प्रश्नांत बसत नाही. पडताळणीसाठी कोणतेही वेगळे शुल्क नाही. दहा वर्षांच्या 36 पानी पासपोर्टचे जे 1,500 रुपये तुम्ही भरता त्यातच सारे आले. 'चहापाणी' मागितले तर द्यायचे नाही, हे लिहिणे सोपे आणि ठाण्यात एकटे उभे राहून पाळणे कठीण, हे आम्हाला कळते. म्हणूनच एकट्याने जाऊ नये.

नागपूरला वसतिगृहात राहणाऱ्यांना पडताळणी कुठे होणार याची चिंता असते. जून 2018 पासून देशातील कोणत्याही पासपोर्ट केंद्रातून अर्ज करता येतो आणि पडताळणी अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर महाविद्यालयाचे बोनाफाईड जोडा. चिखल्याचा पत्ता द्यायचा तर त्या दिवसांत चिखल्यात राहा. पत्ता एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, म्हणून 'दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा पडतो, आणि मग तो काढायला नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या चकरा. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला एक चकर म्हणजे भाडे अधिक बुडालेली मजुरी. अर्ज मात्र केवळ सरकारच्या संकेतस्थळावरून भरावा, त्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट पैसे घेतात.

वर्षावासात बहुतेक विहारांत दर रविवारी ग्रंथवाचन असते. त्यातला एक रविवार यासाठी द्यावा, असे आम्ही चिखला-तुमसर परिसरातील विहार समित्यांना सुचवतो. सतरा-अठरा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीचे चार कागद एका टेबलावर ठेवायचे आणि नावातले प्रत्येक अक्षर जुळवायचे. पंधरा ते अठरा वयोगटालाही दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, तेव्हा बारावीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्या टेबलावर आंदोलनातल्या गुन्ह्यांची वही : नाव, ठाणे, गुन्हा क्रमांक, वर्ष, न्यायालयातील खटला क्रमांक, सद्यस्थिती. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावाने शोधले की खटला आहे की नाही ते मोबाईलवरच दिसते. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहावे लागते, हे वर सांगितलेच. खटला मागे घेतल्याचा आदेश सापडला तर त्याच आठवड्यात न्यायालयातून प्रमाणित प्रत काढून ठेवावी, कारण पडताळणीच्या दिवशी तोंडी सांगितलेले कोणी लिहून घेत नाही. आपल्या समाजात वकिली करणारी मुले-मुली आता तालुक्या-तालुक्यात आहेत. एका रविवारी त्यांच्यापैकी दोघे बसले तरी गावची वही पुरी होईल.